आजीला 'पाटी'ची 'काठी' का ऐकू येते

मुलगा पहिलीत होता तेव्हाची गोष्ट. स्वयंपाकघरात मिक्सर फिरत होता, बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता आणि हा पलंगाखाली डोकं घालून विचारत होता, "आजी, माझी पाटी कुठंय?" सासूबाई म्हणाल्या, "माझी काठी? ही काय, हातातच आहे." त्याने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा काठी उचलून दाखवली. तिसऱ्या वेळी तो बेंबीच्या देठापासून ओरडला. तशा त्या दुखावल्या. "अंगावर काय येतोस रे? बहिरी नाही झाले मी अजून." तो रडत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आजी मुद्दाम करते."

मी तेव्हा जे केलं तेच बहुतेक घरांत होतं. "मोठ्यांशी असं बोलतात का? जा, आधी सॉरी म्हण." तो गेला, सॉरी पुटपुटला आणि पुढचे तीन दिवस आजीच्या खोलीकडे फिरकला नाही. आदर शिकवायला गेले आणि होता तो लळा सुटायची वेळ आली.

पुढे सासूबाईंचे कान तपासून घेतले. तपासणाऱ्या बाईंनी कागदावरचा आलेख माझ्यासमोर धरला. डावीकडून बऱ्यापैकी सरळ आलेली रेघ उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली गेली होती. "यांना आवाज ऐकू येतो," त्या म्हणाल्या, "शब्द ऐकू येत नाहीत." त्या वाक्याने माझे डोळे उघडले. मोठ्यांचा मान राख, हे आपण मुलांना हजारदा सांगतो. पण त्या मोठ्या माणसाच्या शरीरात काय चाललंय, हे एकदाही सांगत नाही. मग मूल आपल्या परीने अर्थ लावतं. आजी ऐकत नाही म्हणजे तिचं माझ्याकडे लक्षच नाही. आजोबा तेच तेच विचारतात म्हणजे मला छळतात. मूल उद्धट नसतं, त्याच्याकडे माहिती कमी असते. म्हणून हा लेख जेवढा संस्कारांचा आहे तेवढाच शरीराचाही आहे.

कानापासूनच सुरुवात करू. आपल्या कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यात केसासारखी टोकं असलेल्या पेशी दाटीने उभ्या असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. आवाज आला की त्या हलतात, आणि तो निरोप मेंदूपर्यंत पोचला की आपल्याला ऐकू येतं. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक, उंच पट्टीचे आवाज पकडतात आणि आत खोलवरच्या पेशी खर्जातले. वय वाढतं तशा तोंडाशी असलेल्या पेशी आधी झिजतात, आणि माणसाच्या कानात त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत.

आता आपलं बोलणं बघा. अ, आ, ई, ओ हे स्वर दमदार असतात, खालच्या पट्टीतून ऐकू येतात. क, च, ट, प, स, श यांची ओळख मात्र अगदी बारीक, क्षणभराच्या आवाजात असते. म्हातारपणी स्वर बऱ्यापैकी शाबूत पोचतात आणि व्यंजनं गळून जातात. 'पाटी'तला 'आ' आणि 'ई' सासूबाईंना ऐकू आला होता. गळालेली जागा त्यांच्या मेंदूने भरून काढली, आणि ज्या वस्तूवाचून दिवसभर पाऊल उचलत नाही ती वस्तू त्यात आली. लहान मुलांचा आवाज मुळातच उंच पट्टीचा. त्यामुळे नातवंडाच्या बोलण्यासाठी जीव टाकणाऱ्या माणसाला नेमकं नातवंडाचंच बोलणं सगळ्यात कमी कळतं. हे समजलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

ओरडून काही साधत नाही, त्यालाही कारण आहे. ओरडलं की स्वर मोठे होतात. व्यंजनं जिथल्या तिथेच राहतात. शिवाय झिजलेल्या कानाला हळू आवाज पोचत नाही, आणि थोडा वाढवला की तो एकदम असह्य होतो. मधली सोसवेल अशी जागा अरुंद झालेली असते. म्हणून "काय म्हणालास?" आणि "ओरडतोस कशाला?" ही दोन्ही वाक्यं एकाच मिनिटात एकाच तोंडून येतात आणि दोन्ही खरी असतात.

हे सगळं सात वर्षांच्या मुलाला कसं सांगायचं? मी पाटीवरच 'पाटी' असं लिहिलं, बोटाने 'प' आणि 'ट' पुसले, काना आणि वेलांटी तेवढी ठेवली. म्हटलं, "वाच." तो बराच वेळ बघत राहिला. "गाडी? भाजी? दाढी?" मी म्हटलं, "आजीच्या कानात शब्द असा पोचतो." तो काही बोलला नाही. मग त्याने माझ्या हातातून खडू घेतला, स्वतःचं नाव लिहिलं, त्यातली अक्षरं पुसली आणि पाटी आजीला दाखवायला घेऊन गेला.

त्यानंतर कसं बोलायचं हे शिकवायला वेळ लागला नाही. आधी आजीच्या समोर जायचं, म्हणजे तिला ओठ दिसतात. टीव्ही बंद करायचा, नाहीतर मिक्सर थांबू द्यायचा. आवाज मोठा करण्याऐवजी जाड करायचा, सावकाश बोलायचं. कळलं नाही तर तोच शब्द पुन्हा न घोकता वेगळं काही सांगायचं: "मी लिहितो ना, ती पाटी." आणि उत्तराची वाट बघायची. वय वाढलं की मेंदूला ऐकलेलं उलगडायला थोडा जास्त वेळ लागतो, मुलं मात्र पहिल्या प्रश्नाचं उत्तर यायच्या आत तिसरा विचारून मोकळी होतात. मनात पाच अंक मोज, एवढंच मी त्याला सांगितलं होतं. पुढच्या सुट्टीत मामेभाऊ आले तेव्हा त्याने त्यांनाही हे दटावून शिकवलं.

(घरात श्रवणयंत्र आलं की सगळं सुरळीत होईल अशी मुलांची आणि आपलीही समजूत असते. यंत्र पंख्याचा, भांड्यांचा, रिक्षाचा आवाजही वाढवतं, आणि मेंदूला त्याची सवय व्हायला काही आठवडे जातात. या दिवसांत आजी यंत्र काढून ठेवते म्हणून तिला रागावू नये.)

डोळ्यांचं एवढं खोलात सांगायला नको, पण एक गोष्ट मुलांना चटकन पटते. म्हातारपणी बाहुली लहान होते आणि डोळ्याच्या आतलं भिंग पिवळसर, गढूळ होत जातं. साठीच्या माणसाच्या डोळ्यात, विशीतल्या माणसाच्या मानाने, साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. म्हणजे जी खोली आपल्याला लख्ख दिसते ती आजोबांना तिन्हीसांजेसारखी दिसते. उजेडातून अंधारात आल्यावर डोळे सरावायलाही त्यांना जास्त वेळ लागतो. आमच्या जिन्याच्या पायऱ्या एकसारख्या करड्या, काठ कळायचाच नाही. मुलाने प्रत्येक पायरीच्या काठावर लाल चिकटपट्टी लावली. ती वाकडीतिकडी आहे, पण सासूबाई आता कठड्याला दोन्ही हातांनी न लटकता उतरतात. त्या पट्टीचं सगळ्या पाहुण्यांसमोर कौतुक करतात, ते वेगळंच.

पडण्याचं मात्र मुलांना नीट, गंभीरपणे सांगावं. आपण पडलो की गुडघा खरचटतो. आजी पडली की खुब्याचं हाड मोडू शकतं आणि त्यानंतर माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वांत मोठं आहे. बसल्या जागेवरून झटकन उठलं की वयस्कर माणसाचा रक्तदाब एकदम उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून आजोबा पलंगाच्या कडेला दोन मिनिटं नुसते बसून राहतात. तो आळस नव्हे. त्या वेळी "चला ना, लवकर" म्हणत हात ओढायचा नसतो. वाटेतल्या खेळण्यातल्या गाड्या, ओलं न्हाणीघर, दुमडलेलं पायपुसणं यांच्याकडे लक्ष ठेवायला मुलाइतका चांगला पहारेकरी नाही. त्याची नजर मुळातच जमिनीजवळ असते.

तहानेचंही असंच. वय झालं की तहान लागल्याची जाणीव बोथट होते. शरीराला पाणी हवं असतं, पण तसा निरोपच मिळत नाही. आमच्याकडे सकाळी अकरा आणि दुपारी चारचा पेला आजीला नेऊन देणं हे मुलाचं काम आहे. (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाणी किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.)

ऐकून जे पटत नाही ते अंगावर घेतल्यावर पटतं. पॅट्रिशिया मूर नावाच्या अमेरिकन डिझायनरने १९७९ साली, वयाच्या २६व्या वर्षी, ऐंशी पार केलेल्या बाईचं सोंग घेतलं. नुसता मेकअप केला नाही, कान बुजवले, नजर धूसर केली, सांधे वाकणार नाहीत असे बांधून घेतले, आणि अशा अवस्थेत तीन वर्षं अधूनमधून अमेरिका-कॅनडातल्या शंभरावर शहरांत फिरली. लोक तिच्याशी किती वेगळं वागतात ते तिने सोसून पाहिलं. नंतर एमआयटी या विद्यापीठात याच कामासाठी 'ॲग्नेस' नावाचा पोशाखच बनवला गेला. तो घातला की तरुण माणसाला मान वळवणं आणि पाऊल उचलणंही जड जातं.

घरी एवढं काही लागत नाही. एका पावसाळी रविवारी आम्ही जुन्या चष्म्याच्या काचांना खोबरेल तेल चोळलं, कानात कापूस घातला, बुटांत मूठभर तूरडाळ टाकली आणि हातांत भांडी घासायचे मोजे चढवले. मग मुलाला म्हटलं, "आता शर्टाची बटणं लाव आणि या गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाच." पहिली दोन मिनिटं हसण्यात गेली. तिसऱ्या बटणाला त्याचा चेहरा बदलला. पाकीट त्याने खिडकीपाशी नेलं, डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, आणि हुबेहूब आजीसारखं म्हणाला, "काय मेलं बारीक लिहितात!" सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या. त्यांना वाईट वाटेल अशी मला धास्ती होती, पण त्यांनीच पुढे होऊन त्याला बटण कसं लावायचं ते दाखवलं: अंगठ्याने मागून ढकलायचं, पुढून ओढायचं नाही.

आता सगळ्यांत अवघड भाग: विसरणं.

वयाबरोबर थोडं विसरायला होतंच. गॅसवर दूध ठेवून विसरणं कुणाच्याही हातून घडतं. पण पन्नास वर्षं केलेला चहा करताना आधी काय टाकायचं हेच सुचेनासं होणं वेगळं. तिथे डॉक्टरांकडे जायला हवं. स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया हा म्हातारपणाचा स्वभाव नाही, तो मेंदूच्या आजारांमुळे होतो. त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा अल्झायमर. त्याचं वर्णन जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली पहिल्यांदा मांडलं. भारतात साठीपुढच्या माणसांत सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मांडला होता. तेव्हा तुमच्या नात्यात, तुमच्या सोसायटीत, मुलांच्या येण्याजाण्यात असं कुणीतरी असण्याचा संभव बराच आहे.

माझ्या थोरल्या मावशीला हा आजार होता. मुलाला तिच्याकडे नेण्याआधी मी गोधडीचं उदाहरण दिलं. आपल्या आठवणी म्हणजे गोधडीला लावलेली ठिगळं. मेंदूत एक लहानसा भाग असतो, आकाराने समुद्रघोड्यासारखा. नवी आठवण गोधडीला शिवून टाकायचं काम तो करतो. अल्झायमरमध्ये हा शिवणारा भाग फार लवकर बिघडतो. मावशीआजी आजचं ठिगळ लावते, पण टाकेच पडत नाहीत, ते गळून जातं. "जेवलास का?" असं तिने विचारलं, तू "हो" म्हणालास, की ते "हो" जमिनीवर पडलं. ती पुन्हा विचारणार, तिच्यासाठी तो दर वेळी पहिलाच प्रश्न आहे. तिच्या लहानपणीची ठिगळं मात्र घट्ट शिवलेली आहेत. म्हणून तिला माहेरची विहीर आठवते, सकाळचा नाश्ता आठवत नाही. पुढे पुढे जुने टाकेही उसवतात, हेही मी त्याला सांगितलं. खोटं कशाला सांगायचं?

त्या घरी दिवाळीत एक गोष्ट दर वर्षी व्हायची. आलेला प्रत्येक पाहुणा मावशीसमोर उभा राहून विचारायचा, "ओळखलंत का मला? सांगा बघू मी कोण?" विचारणाऱ्याच्या मनात माया असायची. मावशी मात्र कसनुसं हसून "हो हो, या, बसा" म्हणायची आणि पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहायची. भर दरबारात परीक्षा घ्यावी आणि नापास करावं, असा तो प्रकार होता. मुलांना एवढं एक नक्की शिकवावं: आठवणीची परीक्षा घ्यायची नाही. समोर जायचं आणि आपणच सांगायचं, "मावशीआजी, मी ताईचा मुलगा. तिसरीत आहे. फराळ द्यायला आलोय." तिला ओळख पटली तर आनंद आहे. नाही पटली तरी एक गोड पोरगा घरी आलाय एवढं तिला कळतं.

वाद घालायचा नाही, हे दुसरं. मावशी कधी कधी विचारायची, "माझी आई कुठे गेली गं?" आई जाऊन चाळीस वर्षं झालेली. "ती तर कधीच वारली" असं म्हटलं की तिला ते दुःख नव्याने भोगावं लागायचं. माझ्या मुलाने एकदा विचारलं, "तुझी आई खायला काय करायची?" मावशी पुरणाच्या दिंडांबद्दल अर्धा तास बोलली. हे त्याला मी शिकवलं नव्हतं. बोलता बोलता शब्द अडायचे, पण पाठ असलेली भजनं ती अखंड म्हणायची. सूर आणि सवयीच्या हालचाली अनेकांच्या बाबतीत उशिरापर्यंत टिकतात. म्हणून अशा माणसाबरोबर मुलांनी गप्पा मारण्यापेक्षा गाणं म्हणावं, शेंगा सोलाव्यात, कपड्यांच्या घड्या घालाव्यात.

आणि एक वेळ अशी येते की ते माणूस मुलावरच आळ घेतं: "या पोराने माझे पैसे घेतले." पैसे कुठे ठेवले ते आठवत नाही, आणि मोकळी जागा मेंदू भरून काढतो, 'पाटी'ची 'काठी' करावी तशीच. मुलाला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, आणि घडल्यावर त्याच्या बाजूने स्पष्ट उभं राहावं: "तू घेतले नाहीस, मला माहीत आहे. चल, आपण तिला शोधायला मदत करू." आदर शिकवताना मुलाच्या खरेपणावर पाय देऊ नये.

मुलांना सांगून ठेवावी अशी एक धोक्याची खूणही आहे. कालपर्यंत ठीक असलेले आजोबा एका दिवसात असंबद्ध बोलायला लागले, दिवसाढवळ्या ग्लानीत गेले, नसलेली माणसं दिसू लागली, तर ते म्हातारपण नव्हे. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, एखादं औषध न मानवणं अशा कारणांनी हे होतं आणि त्यावर उपचार होऊ शकतो. घरात दुपारी मूल आणि आजोबा दोघंच असतील तर हे सर्वांत आधी मुलाच्याच लक्षात येईल. त्याने लगेच फोन करावा.

आता आपल्या भाषेबद्दल. "म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण" हे आपण किती सहज म्हणतो! मला ते वाक्य आवडत नाही. बालपणी माणूस रोज काहीतरी नवं मिळवत असतो. म्हातारपणी मिळवलेलं हातातून सुटत असतं, आणि ते सुटताना त्याला कळत असतं. ज्या बाईने घर चालवलं, चार पोरं वाढवली, तिला "आता शहाण्यासारखा मऊ भात खायचा हं" असं लाडेलाडे म्हटलं की तिचा चेहरा पडतो. मूल ते बघतं आणि तोच सूर उचलतं. मदतीचंही तसंच आहे. हातातून पिशवी हिसकावून घेणं आणि "मी घेऊ का?" असं विचारणं यांत फरक आहे. "नको, नेते मी" असं उत्तर आलं तर शेजारून चालावं.

आणि आदर म्हणजे 'अहो-जाहो' एवढंच समजू नये. आपल्याकडे कितीतरी घरांत आजोबांना 'तुम्ही' आणि आजीला 'अगं आजी' म्हणतात; त्या 'अगं'मध्ये आदर कमी असतो असं कोण म्हणेल? लग्नकार्यात मात्र आपण पोरांची मानगूट दाबून "पाया पड, पाया पड" करतो. मूल कुणाच्या पाया पडलं, त्या माणसाचं नाव काय, हे त्याला घरी आल्यावर सांगताही येत नाही. वाकण्याआधी एक वाक्य सांगा: "या बाबांच्या मोठ्या आत्या, यांनी बाबांना पोहायला शिकवलं." मग वाकताना मूल त्या चेहऱ्याकडे बघतं.

पुंडलिकाची गोष्ट आपण मुलांना अर्धीच सांगतो. आईवडिलांचे पाय चेपताना देव दारात आला, पुंडलिकाने वीट भिरकावली, देव विटेवर उभा राहिला. पण कथेच्या प्रचलित रूपात त्याआधीचा भागही आहे. हाच पुंडलिक आधी आईवडिलांना हिडीसफिडीस करायचा, आणि काशीच्या वाटेवर कुक्कुट ऋषींची मातृपितृसेवा पाहून बदलला. म्हणजे तोही शिकला, आणि पाहून शिकला. मुलं आपल्याला पाहत असतात. फोन ठेवल्यावर "झालं, परत तीच रडगाणी" असं आपण आईबद्दल बोललो की तो धडा पक्का होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वयभेदावरच्या, म्हणजे वयावरून माणसाला कमी लेखण्यावरच्या, अहवालानुसार अगदी चार वर्षांची मुलंही म्हाताऱ्या माणसांबद्दल आजूबाजूला काय समज आहे ते ओळखू लागतात. हे समज पुढे त्यांच्याच अंगाशी येतात. अमेरिकेतल्या संशोधक बेका लेव्ही यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने बघणारी माणसं सरासरी साडेसात वर्षं जास्त जगल्याचं दिसलं. केवळ नजरेमुळेच जगली असं त्यावरून म्हणता येणार नाही, पण विचार करायला लावणारी गोष्ट आहे. २०५० साली भारतात दर पाच माणसांत एक साठीपुढचा असेल असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. आज आठ वर्षांचं मूल तेव्हा तिशी ओलांडलेलं असेल, आणि म्हातारे आपण असू.

वरच्याच अहवालात वयभेदावर कायदा आणि शिक्षण यांच्या बरोबरीने तिसरा उपाय सांगितलाय, तो पिढ्यांनी एकत्र येण्याचा. कायदा आपल्याकडे आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली आईवडील आणि आजीआजोबा निर्वाहखर्च मागू शकतात, आणि जबाबदार अपत्यांत सज्ञान नातवंडंही मोजली जातात. पैसे त्याने मिळतील, पण शेजारी बसून पत्ते खेळणारं माणूस कायद्याने मिळत नाही. एकत्र येणं कसं असावं हे बघायचं तर ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव आठवावं. तिथे जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ ला 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठी-सत्तरी-नव्वदीतल्या आज्या गुलाबी साड्या नेसून, पाठीला दप्तर अडकवून शाळेत गेल्या, आणि घरी त्यांचा अभ्यास नातवंडांनी घेतला. तिथे मूल नुसतं सेवा करत नाही, ते आजीला काहीतरी देऊ शकतं आणि आजी ते मनापासून घेते. हे देणंघेणं मला पाया पडण्यापेक्षा मोलाचं वाटतं. मुलाने आजीला यूपीआय शिकवावं, आजीने त्याला बटण लावायला.

पुण्याच्या फ्लॅटपासून न्यू जर्सीपर्यंत जी मुलं आजीआजोबांना फक्त व्हिडिओ कॉलवर भेटतात, त्यांनाही कानाचं हेच गणित उपयोगी पडतं. चेहऱ्यावर उजेड घ्यावा, एका वेळी एकानेच बोलावं, उत्तराला थांबावं. "काय चाललंय?" विचारण्यापेक्षा, "आजोबा, तुमच्या शाळेला सुट्टी कधी मिळायची?" असा एक प्रश्न ठरवून न्यावा.

मुलावर काय टाकू नये, हेही सांगते. गोळ्यांचे डोस ठरवणं, माणूस उचलणं, रात्रीची जाग ही मुलांची कामं नाहीत. आजारी आजीबरोबर एकट्याने अख्खी दुपार काढायची सक्तीही नको. आणि आदर म्हणजे गप्प बसणं नव्हे. कुणी वडीलधारा मारत असेल, नको तिथे हात लावत असेल, तर "नाही" म्हणायचं आणि लगेच सांगायचं, मग तो कितीही मोठा असो. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे, ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७. दोन्ही आमच्या फ्रिजवर एकाच कागदावर लिहिलेले आहेत, मुलाच्या अक्षरात.

एवढं सगळं समजलं की मूल एक दिवस तो प्रश्न विचारतंच. आमच्याकडे तो मावशी गेल्यानंतरच्या आठवड्यात आला. ती "झोपली" किंवा "लांब गेली" असं मी त्याला म्हटलं नव्हतं. लहान मुलं अशा शब्दांनी झोपायला घाबरतात, किंवा परत येण्याची वाट बघत बसतात. तिचं शरीर चालायचं थांबलं, असंच सांगितलं होतं. रात्री भांडी आवरताना तो ओट्यापाशी आला आणि म्हणाला, "आपली आजी पण मरणार?"

"हो," मी म्हटलं. "सगळेच मरतात. कधी ते मला माहीत नाही."

तो थोडा वेळ उभा राहिला. मग बाहेर गेला. टीव्ही बंद झाल्याचं मला ऐकू आलं, आणि त्यानंतर त्याचा आवाज, मुद्दाम जाड केलेला, सावकाश: "आजी, तुझ्या लहानपणी तुझ्याकडे पाटी होती का?"